लेखी हरकतीचे मोल

मौन हे संमतीचे लक्षण होय, हे जुने वचन आधुनिक राज्यव्यवहाराने जितके मनावर घेतले आहे तितके क्वचितच दुसऱ्या कोणी घेतले असेल. शहराचा विकास आराखडा असो, किनाऱ्याचा नकाशा असो वा एखाद्या अधिसूचनेचा मसुदा. शासन तो प्रसिद्ध करते, ठरावीक मुदतीत सूचना व हरकती मागविते आणि मुदत संपली की पुढील कामाला लागते. या मुदतीत जो लिहितो त्याचे म्हणणे दप्तरी राहते. जो कट्ट्यावर किंवा लोकलच्या डब्यात तावातावाने बोलतो त्याचे म्हणणे तेथेच विरते.

वर्सोव्याचे उदाहरण घ्यावे. खाडीच्या तोंडाशी जुना कोळीवाडा आहे आणि त्याच्या शेजारीच सात बंगला, यारी रोड या भागांतील इमारतींची दाटी आहे. मासळी कोणत्या मोकळ्या जागेवर वाळते, जाळी कोठे दुरुस्त होतात, भरतीचे पाणी कोठवर चढते, हे कोळीवाड्यातील माणसाला तोंडपाठ असते. नकाशा आखणाऱ्याला मात्र त्याच जागेत केवळ रिकामा भूखंड दिसतो. 2011 च्या किनारा नियमन अधिसूचनेने मच्छीमारांच्या वस्त्या, धक्के, बर्फाचे कारखाने आणि मासळी वाळविण्याच्या जागा नकाशावर दाखविण्याचा दंडक घातला. तो प्रत्यक्षात पाळला गेला की नाही, हे त्या जागेवर वावरणाराच सांगू शकतो. आणि त्याने सांगितले नाही, तर चूक हीच पुढे अधिकृत नोंद ठरते.

अशा सांगण्याने काय साधते, असे विचारणाऱ्यांसाठी मुंबईच्याच इतिहासात उत्तर आहे. 2015 च्या फेब्रुवारीत महापालिकेने 2034 पर्यंतच्या विकास आराखड्याचा मसुदा प्रसिद्ध केला. त्यात कोठे उभ्या इमारतींवरून रस्ते काढलेले होते, कोठे वारसा वास्तूंच्या व धार्मिक स्थळांच्या नोंदी चुकलेल्या होत्या. नागरिकांनी नकाशे पाहिले, आपली गल्ली शोधली आणि लिहिले. साठ हजारांहून अधिक सूचना व हरकती जमा झाल्या. त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये मुख्यमंत्र्यांनी मसुद्याच्या फेरतपासणीचा आदेश दिला. सुधारित मसुदा 2016 च्या मे महिन्यात आला, त्यावरही हरकती घेण्यात आल्या, आणि 2018 मध्ये आराखड्याला मंजुरी मिळाली. अंतिम आराखडा निर्दोष झाला, असे कोणी म्हणणार नाही. परंतु तज्ज्ञांच्या नजरेतून निसटलेल्या चुका सामान्य रहिवाशांनी दाखवून दिल्या, हे नाकारता येणार नाही.

वरळीच्या मच्छीमारांचा अनुभवही बोलका आहे. किनारी रस्त्याच्या पुलाखालून नौका सुखरूप जाण्यासाठी दोन खांबांमधील 60 मीटरचे अंतर अपुरे आहे, हे त्यांनी निवेदनांतून आणि आंदोलनांतून वर्षानुवर्षे मांडले. त्यांची मागणी याहून मोठी होती, ती पूर्णांशाने मान्य झाली नाही. पण 2022-23 मध्ये हे अंतर 120 मीटरपर्यंत वाढविण्याचा निर्णय झाला. वारा, लाटा आणि नौकेची चाल यांचे जे गणित अभियंत्याच्या कागदावर नव्हते, ते मच्छीमारांच्या आग्रहामुळे कागदावर आले.

या मार्गात अडथळे नाहीत असे नव्हे. पहिला अडथळा भाषेचा. 2020 च्या पर्यावरणीय आघात मूल्यांकन अधिसूचनेचा मसुदा आधी इंग्रजी व हिंदीतच उपलब्ध होता. दिल्ली उच्च न्यायालयाने त्याच वर्षी 30 जूनला घटनेच्या आठव्या अनुसूचीतील 22 भाषांत त्याचे भाषांतर करण्यास सांगितले आणि हरकतींची मुदत 11 ऑगस्टपर्यंत वाढविली. जो मसुदा वाचताच येत नाही त्यावर मत द्या, असे म्हणणे ही थट्टाच होय. दुसरा अडथळा मनाचा. ‘सगळे आधीच ठरलेले असते’ या वाक्याने आपला आळस शहाणपणाच्या वेषात मिरवतो. कित्येक हरकती फेटाळल्या जातात, हे खरे आहे. पण फेटाळलेली हरकतसुद्धा नोंदीत राहते. पुढे प्रकरण न्यायालयात गेले, तर त्या नोंदीचाच आधार घेता येतो. न नोंदविलेल्या नाराजीला असा कोणताही आधार नसतो.

महाराष्ट्राला ही परंपरा परकी नाही. गोपाळ हरी देशमुख सरकारी नोकरीत असूनही त्यांनी 1848 पासून भाऊ महाजनांच्या ‘प्रभाकर’ पत्रात ‘लोकहितवादी’ या नावाने समाजाला उद्देशून पत्रे लिहिली. मराठी पत्रव्यवहाराने विचारप्रवर्तन कसे होते, याचा तो वस्तुपाठ ठरला. आजच्या कारकुनाला त्यांच्याएवढे धाडस दाखविण्याचीही गरज नाही. आपल्या दारासमोरील रस्त्याविषयी रहिवासी म्हणून हरकत नोंदविणे ही शासनावरील टीका नव्हे. ते शासनानेच मागितलेले उत्तर आहे.

आणि उत्तर लिहिण्यास फार विद्वत्ता लागत नाही. नकाशाचा क्रमांक, जागेचा ठावठिकाणा, त्यातील चूक आणि अपेक्षित दुरुस्ती, एवढे चार मुद्दे स्वच्छ मांडले की अर्ज पुरा होतो. त्याची पोच घ्यावी, प्रत जपून ठेवावी. एकाच छापील मजकुरावर हजार सह्या केल्या, तर हजार माणसे रागावली आहेत एवढेच कळते. स्वतःच्या शब्दांत लिहिलेल्या दहा अर्जांतून दहा जागांची माहिती मिळते.

येथेच शिक्षक, लिपिक आणि विद्यार्थी यांचे कर्तव्य सुरू होते. वर्सोव्यात ज्याच्याजवळ ज्ञान आहे त्याच्याजवळ पुष्कळदा अर्जाची भाषा नसते, आणि ज्याच्याजवळ अर्जाची भाषा आहे त्याला किनाऱ्याची ओळख नसते. लिपिकाने संध्याकाळचा एक तास कोळीवाड्यात बसून अर्ज लिहून द्यावा, शिक्षकाने मुलांना आपल्या प्रभागाचा नकाशा वाचावयास शिकवावे, विद्यार्थ्याने इंग्रजी मसुद्याचा आशय मराठीत समजावून सांगावा. मतदानाचा दिवस पाच वर्षांतून एकदा उगवतो. हरकतीची मुदत मात्र केव्हा सुरू झाली आणि केव्हा संपली, हे वर्तमानपत्राच्या कोपऱ्यातील एका लहानशा सूचनेवरूनच कळते. ती सूचना वाचण्याची आणि शेजाऱ्याला वाचून दाखविण्याची सवय ज्या वस्तीला लागेल, तिला गृहीत धरून नकाशा आखणे कोणालाही सोपे जाणार नाही.