मिस्त्री, मास्तर आणि माइस्टर

माझी बी. ए., बी. एड.ची पदवी बैठकीच्या भिंतीवर चौकटीत लटकवलेली आहे. आल्या-गेल्याची नजर तिच्यावर जावी म्हणून सोफा मुद्दाम समोर मांडला आहे. पाहुणे सोफ्यावर बसतात, भिंतीकडे टक लावून बघतात आणि विचारतात, "गिलावा कुणी केला हो?" पदवीबद्दल आजवर एकानंही विचारलेलं नाही.

गिलावा आमच्या मिस्त्रींचा. भिंतही त्यांचीच. आणि ती पदवी ज्या खिळ्यावर लटकते, तो खिळाही त्यांचाच. मी ठोकलेला खिळा तिसऱ्या दिवशी पदवीसकट खाली आला होता.

मिस्त्रींचं शिक्षण सातवी. चौदाव्या वर्षी मामाच्या हाताखाली घमेली उचलायला लागले, आता तेहेतीस वर्षं झाली. किनवटात आमच्या गल्लीतली निम्मी घरं त्यांच्या ओळंब्यावर उभी आहेत. तिकडे आदिलाबादकडेही त्यांना बोलावणं असतं. तेलुगूतही ते 'मेस्त्री'च. तसा आमचा तालुकाच 1956 पर्यंत आदिलाबाद जिल्ह्यात होता. राज्यांची पुनर्रचना झाली आणि तो नांदेडात आला. तालुक्याकडे कुणी नांदेडी असल्याचा दाखला मागितल्याचं ऐकिवात नाही.

2024 च्या फेब्रुवारीत महाराष्ट्र सरकारनं जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी कुशल माणसं पाठवण्याचा करार केला. निवृत्त मास्तर म्हणजे गावाचा फुकट अर्जनवीस. मिस्त्री वर्तमानपत्राचं कात्रण घेऊन माझ्याकडे आले.

"सर, जर्मनीला मानसं पायजेत म्हणं. जाऊन बघावं म्हणायलो. पाच-सहा वर्षं राबतो, मंग तिथंच सोताचं काम धरतो. पोरीच्या नर्सिंगची फी तरी निघंल."

मी चष्मा लावला आणि अटी वाचायला बसलो. वाचता वाचता माझा आवाज लहान होत गेला. जर्मनीत गवंडी व्हायला तीन वर्षांची रीतसर उमेदवारी. स्वतःच्या नावानं धंदा करायचा तर हस्तव्यवसायांच्या वहीत नोंद, आणि तिच्यासाठी साधारणपणे 'माइस्टर'ची परीक्षा. परदेशी माणसासाठी त्यांनी 2024 च्या मार्चमध्ये अनुभवाचा एक रस्ता काढला. वाचून मला आनंदाचं भरतं आलं. पुढची ओळ वाचली. अनुभवाच्या जोडीला मायदेशातल्या किमान दोन वर्षांच्या शिक्षणाचं सरकारमान्य प्रमाणपत्र हवं! म्हणजे पाणी मिळेल, पण आधी तहान भागल्याचा दाखला आणा.

"तेहेतीस वर्षांत दोन वर्षं बसत न्हाईत का, सर?" मिस्त्रींनी विचारलं. एरवी गणित मला अवघड जातं. हे तर सोपं होतं. तरी उत्तर देता येईना.

जर्मनांवर माझा राग नाही. ते निदान आपल्या माणसालाही सोडत नाहीत. फरशी बसवणाऱ्याला 2004 साली ते म्हणाले, माइस्टर नसलास तरी दुकान टाक. 2020 साली म्हणाले, आता नको. मधल्या काळात ज्यांनी दुकानं टाकली होती त्यांना तसंच राहू दिलं. त्या सोळा वर्षांतल्या फरश्या काही उखडून आल्या नसाव्यात.

आणि आपण तरी काय करतो? मिस्त्रींचा भाचा बारा वर्षं थापी चालवतो. दहावीत गणितानं गचका दिला, म्हणून त्याच्या पासपोर्टवर शिक्का. आखातात कामाला जायचं तर सरकारची परवानगी लागते. 1983 सालच्या कायद्यामागचा हेतू चांगला आहे, गरिबाला कुणी फसवू नये. पण त्याच्याच शेजारचा दहावी पास पोरगा, ज्याला वीट आडवी लावायची की उभी हे ठाऊक नाही, तो बिनशिक्क्याचा जातो. जणू दलाल फक्त नापासांनाच फसवतात! भाचा शेवटी गेला तो 'हेल्पर' म्हणून. बारा वर्षांच्या हाताला मदतनिसाचा पगार.

कुणी म्हणेल, मास्तर, उद्या भिंत पडली तर? अगदी बरोबर. विजेच्या तारांना, गॅसच्या नळ्यांना कुणीही हात लावू नये, गवंड्याचीही परीक्षा घ्यावी. पण परीक्षा घ्या ना! कागद मागणं म्हणजे परीक्षा घेणं नव्हे. द्या विटा, द्या वाळू-सिमेंट, म्हणावं सकाळपासून दुपारपर्यंत एक कोपरा उभा कर. मग ओळंबा सोडा आणि गुण्या लावा. भिंत कॉपी करून उभी राहत नाही. हे मी सांगतो, ज्यानं एकतीस वर्षं परीक्षेला पर्यवेक्षण केलं आहे.

रागाच्या भरात शब्दकोश काढला, तर गंमत सापडली. आपला 'मिस्त्री' पोर्तुगीज 'मेस्त्रे'वरून आला. तो, जर्मनांचा 'माइस्टर' आणि इंग्रजी 'मास्टर'वरून झालेला मी 'मास्तर', तिघांचा आजा एकच: लॅटिन 'माजिस्टर', म्हणजे शिकवणारा. मिस्त्रींच्या हाताखाली सहा पोरं तयार होऊन आज स्वतःची कामं घेतात. माझ्या हाताखालून किती तयार झाली, हा विषय आपण सध्या बाजूला ठेवू.

जर्मनी राहिली. मी मिस्त्रींना 2023 साली सुरू झालेल्या विश्वकर्मा योजनेचा अर्ज भरून दिला. तिच्या अठरा कामांत राजमिस्त्री आहे. पाच-सात दिवसांचं प्रशिक्षण, दिवसाला 500 रुपये, शेवटी प्रमाणपत्र. मिस्त्री थापी पुसून वर्गात जाऊन बसले. तिसऱ्या दिवशी शिकवणारे साहेब म्हणाले, "मामा, कोपरा कसा धरायचा ते पोरांना तुम्हीच दाखवा."

प्रमाणपत्र आलं. या कागदावर जर्मनी होत नाही, हे दोघांनाही माहीत होतं. तरी मी हौसेनं चौकट करून आणली, त्यांच्या घरी गेलो आणि खिळा-हातोडी घेऊन स्टुलावर चढलो.

"उतरा सर," मिस्त्री म्हणाले आणि हातोडी माझ्या हातातून काढून घेतली.