मदतीची बस येईल, काम आपण सांगा

शेतकरी बंधूंनो, सप्टेंबर २०२५ मध्ये सीना नदीच्या पुरात दारफळ, उंदरगाव भागातली उभी पिके गेली, ते सगळ्यांनी पाहिले. रानाची माती खरडून गेली, विहिरी गाळाने बुजल्या, ते रस्त्यावरून दिसत नाही. पूरग्रस्त गावात कंपन्यांचे कर्मचारी बस करून येतात ते रस्त्यालगतच थांबतात, आणि एकाच घरात तिसरे किट जाते. मंडळी मनाची चांगली. काम आपणच सांगितलेले नसते.

शासनाने ऑक्टोबर २०२५ मध्ये खरडलेल्या जमिनीला हेक्टरी ४७ हजार रोख व रोजगार हमीतून ३ लाखांपर्यंत मदत जाहीर केली. पण पोकलेन आणि डिझेलचा खर्च आधी खिशातून होतो. तिथे कंपनीचा पैसा लागावा. कंपनी कायदा २०१३ प्रमाणे मोठ्या कंपन्यांना सरासरी नफ्याचे २ टक्के सामाजिक कामाला द्यावे लागतात, त्यात आपत्ती पुनर्वसन बसते.

तेव्हा सरपंच, ग्रामपंचायत अधिकारी (आपले जुने ग्रामसेवक) यांनी गटनंबरवार यादी तयार ठेवावी. पाहुण्यांच्या हाती फावडे दिले तर दुपारपर्यंत हाताला फोड. त्यांच्याकडून ठिबकच्या नळ्या गोळा करून घ्या, अर्ज भरून घ्या. मशीनचे तास मात्र लेखी मागा, ते काम पावसाळ्याआधीच होते. आणि चोपण माती कुणी फुकट दिली तरी रानात टाकू नका.