न्हाणीघरातला गॅस गीझर

थंडी पडू लागली की वाचक भगिनींकडून एक प्रश्न हमखास येतो : गॅस गीझर कोणता घ्यावा? कोणत्या कंपनीचा, किती लिटरचा, सिलिंडर किती दिवस पुरेल? आम्ही उलट विचारतो, तो लावणार कुठे? या यंत्राच्या बाबतीत कंपनीपेक्षा जागा महत्त्वाची.

आपल्याकडचे बहुतेक स्वस्त गॅस गीझर धुराड्याविना असतात. ज्योत पेटते, पाणी तापते आणि जळालेला वायू त्याच खोलीत सोडला जातो. शेगडीही तेच करते म्हणाल, पण गीझर तीन-चार मोठ्या बर्नरइतका गॅस जाळतो, आणि स्वयंपाकघराला आतून कडी लावून कोणी रांधत नाही.

ढोबळ हिशेब करून पाहा. चार बाय सहा फुटांचे, आठ फूट उंच न्हाणीघर म्हणजे 192 घनफूट हवा. सहा लिटरचा गीझर पूर्ण वेगाने चालला तर त्याला तासाला साडेतीनशे घनफुटांहून जास्त हवा लागते. सगळे बंद असेल तर अर्ध्या-पाऊण तासात तेवढी हवा संपलीच. त्याच्या पुष्कळ आधी ज्योत कमी ऑक्सिजनवर जळू लागते आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. सिलिंडर गळला तर जो वास येतो तो मुद्दाम मिसळलेला असतो. इथे तेवढीही सूचना मिळत नाही. हा वायू रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून जास्त घट्ट चिकटतो. डोके जड होते, मळमळते, पाय लटपटतात आणि कडी काढायला हात उठत नाही.

ईदची पहाट आठवा. नमाजची घाई, घरात सात-आठ माणसे, एकामागून एक गुसल, गीझर बंद म्हणून होत नाही. पहिल्याचे निभावते. शेवटचा नंबर बहुधा सगळ्यांचे आवरून देणाऱ्या अम्मीचा असतो.

म्हणून आमचे मत स्पष्ट आहे. गीझर बाल्कनीत किंवा मागच्या उघड्या भिंतीवर लावा, आत फक्त गरम पाण्याचा पाइप आणा. ते जमत नसेल तर धूर बाहेर नेणाऱ्या नळीचे मॉडेल घ्या, महाग पडले तरी. नळीचे तोंड मोकळ्या हवेत हवे, शेजारच्या खोलीत नव्हे. भाड्याच्या घरात घरमालक भिंतीला भोक पाडू देत नाही, हे आम्हाला ठाऊक आहे. मग दार सताड उघडे ठेवून बादल्या भरा, गीझर बंद करा, थोडा वेळ जाऊ द्या आणि नंतरच आत जा. गैरसोय आहे खरी. एक्झॉस्ट पंख्यावर विसंबू नका. दाराखालून हवा आत येण्याची वाट नसेल तर पंखा एकटा काय करणार? झडपेला थंडीसाठी लावलेला प्लॅस्टिकचा कागदही काढा.

दुकानदार ‘सेन्सर आहे’ म्हणतो, तेव्हा कसला ते विचारा. ज्योत विझल्यावर गॅस बंद करणारा वेगळा, हवेतला ऑक्सिजन घटल्यावर बंद करणारा वेगळा. काही गीझर वीस मिनिटांनी आपोआप बंद होतात. ते बरेच, पण लगेच पुन्हा सुरू केले तर त्याचा उपयोग काय? निळी ज्योत पिवळी दिसू लागली, काजळी धरली, तर मेकॅनिकला बोलावल्याशिवाय वापरू नका.

आत कोणी हाक देत नसेल तर दार तोडा, माणसाला मोकळ्या हवेत आणा, सिलिंडर बंद करा आणि शुद्ध आली तरी दवाखान्यात न्या. गरोदर बाई असेल तर मुळीच थांबू नका. पोटातल्या बाळाला धोका अधिक. कोरोनापासून घरोघरी असलेला ऑक्सिमीटर इथे फसवतो. त्याला हा वायू ऑक्सिजनसारखाच दिसतो आणि तो 98 दाखवतो. न्हाणीघरात आलेला झटका फेफरे समजून औषधे सुरू झाल्याची उदाहरणेही डॉक्टरांनी नोंदवली आहेत. तेव्हा दवाखान्यात पहिल्याच वाक्यात सांगा की न्हाणीघरात गॅस गीझर चालू होता.