दाव्याची गाठ

"गाय येते का शाळेत?" आत्याने मला फोनवर विचारलं. २ जून २०२० ची संध्याकाळ होती. मी पुण्यात टाळेबंदीत बसलेलो. ती श्रीवर्धन तालुक्यातल्या आपल्या घरी, समुद्राची गाज माजघरात ऐकू येते इतक्या अंतरावर. चक्रीवादळ येणार म्हणून पोलीस पाटील दोनदा येऊन गेले होते, दुसऱ्या खेपेला तलाठ्याला घेऊन. रिक्षाला भोंगा बांधून गावभर पुकारा चालू होता, की कच्च्या घरातल्यांनी आणि किनाऱ्यालगतच्यांनी शाळेत यावं, कागदपत्रं आणि औषधं सोबत घ्यावीत. आत्याच्या पिशवीत सातबारा, रेशनकार्ड, पासबुक, रक्तदाबाच्या गोळ्या आणि देव्हाऱ्यातला बाळकृष्ण एवढं भरून झालं होतं. गाय मात्र गाभण होती, दिवस भरत आलेले. ती पिशवीत मावणार नव्हती आणि शाळेच्या पुकाऱ्यात तिचं नाव नव्हतं.

मी शहरातला माणूस बोलतो तसं बोललो. म्हटलं, "आत्या, जीव महत्त्वाचा."

"कुणाचा?" ती म्हणाली.

दर वर्षी पावसाळ्याच्या तोंडावर मी या स्तंभात वादळाचा विषय काढतो. संपादक त्याला आता 'आगोटीचा लेख' म्हणतात आणि मे उजाडला की आठवण करतात. इतक्या वर्षांत एक वाक्य मी बऱ्याच सरकारी खुर्च्यांमधून ऐकलं आहे: लोक ऐकतच नाहीत हो. टीव्हीवरही तेच. बूम हातात धरलेला वार्ताहर, मागे लाटा, आणि दारात बसलेला एखादा म्हातारा, ज्याला 'तुम्ही का जात नाही?' असं विचारलं जातं आणि ज्याचं उत्तर पुरं व्हायच्या आत जाहिरात लागते. माझा अनुभव असा, की लोक ऐकतात. ऐकून हिशेब मांडतात. त्या हिशेबातल्या बऱ्याच रकमा पुकारा करणाऱ्याला ठाऊकच नसतात.

आता जूनचा पहिला आठवडा कोकणातल्या घरात काय असतो ते पाहा. आगोट भरून झालेली असते. लाकूडफाटा पडवीत रचलेला, वर्षाचा तांदूळ कणगीत, मसाला कुटून बरणीत, आमसुलं, फणसाची साठं, पोह्याचे पापड, सुके बोंबील, सोडे, खारातल्या कैऱ्या. चार महिने पाऊस कोसळणार म्हणून दोन महिने उन्हात राबून घर भरलेलं. कौलं नुकतीच चाळून झालेली. नेमक्या या आठवड्यात तुम्ही बाईला सांगता, की हे सगळं जागेवर ठेव आणि एका रात्रीसाठी ये. वारा एका दिवसाचा, हे तिलाही कळतं. पण कौलं गेली तर खाली पाऊस येणार आणि तो दिवाळीच्या तोंडापर्यंत हलत नाही. ती मागे राहते ती छप्पर हातांनी धरून ठेवायला नव्हे. दोन कौलं सरकली तर लगेच ताडपत्री ओढायची, कणगी आतल्या खोलीत लोटायची. हा वेडेपणा नाही, घर चालवणाऱ्या माणसाचा विचार आहे. चुकीचा असू शकतो. त्या वर्षी चुकीचाच होता.

चुकला तो वाऱ्याच्या अंदाजात. ताशी ११० किलोमीटर म्हणजे काय, हे अंगावर आल्याशिवाय कुणाला कळत नाही. आमच्या बंदरांवरच्या जुन्या माणसांना बावटा कळतो. तीन नंबर लागला म्हटलं की होडी बाहेर काढायची नाही, यापुढे स्पष्टीकरण लागत नाही. वादळ मोजायचं तर माप फयानचं. नोव्हेंबर २००९ मधलं ते वादळ मासेमाऱ्यांना समुद्रात गाठून गेलं. कितीतरी घरांतली माणसं परत आली नाहीत, आणि कोळीवाड्यात त्याचं नाव आजही आवाज उतरवून घेतात. वाडीवाल्यांच्या आठवणीतलं फयान मात्र निराळं: थोडे माड पडले, चार पत्रे उडाले. अम्फान दोन आठवड्यांपूर्वीच, २० मे रोजी, बंगालवर येऊन गेलं होतं आणि सगळ्यांनी ते टीव्हीवर पाहिलं होतं. पण ते तिकडचं. वादळं पूर्वेला होतात, आपल्याकडे पाऊस होतो, अशी आमची पिढ्यान्‌पिढ्यांची समजूत. अरबी समुद्र तापतो आहे, हे शास्त्रज्ञ सांगत होते. आत्याच्या पडवीपर्यंत ते पोचलं नव्हतं. खरं सांगायचं तर माझ्याही.

शाळेची गोष्ट तर आणखीच अवघड. मे महिनाभर मुंबईहून चाकरमानी परतत होते आणि त्यांना चौदा दिवस ठेवायला गावोगावी जागा एकच, जिल्हा परिषदेची शाळा. महिनाभर ज्या इमारतीकडे फिरकू नका म्हणून बजावलं, तिथेच आता अंथरूण घेऊन या, असं सांगायची पाळी आली. महाराष्ट्र आणि गुजरात मिळून त्या दोन दिवसांत लाखाच्या आसपास माणसं हलवली गेली. अशा काळात ती हलवली याबद्दल यंत्रणेला दाद द्यायलाच हवी, आणि मी ती देतो. पण शाळेतल्या दोन संडासांपुढची रांग आठवून घरीच थांबलेल्या बायका मला माहीत आहेत. पुकाऱ्यात संडासाचा उल्लेख कधीच नसतो.

ओडिशाचं नाव अशा वेळी हटकून घेतलं जातं. २९ ऑक्टोबर १९९९ च्या महाचक्रीवादळात तिथे दहा हजारांच्या घरात माणसं गेली. २०१३ मध्ये फायलिन आलं तेव्हा दहा लाखांच्या आसपास लोक आधीच हलवले होते, २०१९ च्या फनीच्या वेळी बारा लाख. आणि मृतांचा आकडा शंभराच्या आत राहिला. आपल्याकडचे लोक हे सांगून झालं की 'बघा, तिथले लोक ऐकतात' असं जोडतात. यातलं मधलं सगळं गळतं. मधली वीस वर्षं त्या राज्याने खांबांवर उचललेल्या पक्क्या इमारती बांधल्या, ज्या एरवी शाळा म्हणून वापरात असतात. वादळाच्या दिवशी कुठे जायचं हे तिथल्या पोराला ठाऊक असतं, कारण तिथेच त्याने पाढे पाठ केलेले असतात. गावातलीच माणसं तयार केली गेली. अनोळखी गणवेशातल्या माणसाने 'चला' म्हणणं आणि शेजारच्या घरातल्या मुलाने 'काकू, मी कणगी आत लोटतो, तुम्ही निघा' म्हणणं, यात फार फरक आहे.

बांगलादेशाकडून मात्र आपण काही शिकावं असं कुणी म्हणत नाही. १९७० च्या भोला वादळात तिथे तीन लाखांहून अधिक माणसं बुडाली. त्यानंतर १९७२ मध्ये गावपातळीवरच्या स्वयंसेवकांचं जाळं उभं राहिलं, आणि त्याच काळात किनाऱ्यावर मातीचे मोठाले उंचवटे रचले गेले. कशासाठी? गुरांसाठी. भरतीचं पाणी चढलं की गुरं त्या टेकाडावर न्यायची. त्यांना नाव काय, तर किल्ला. मुजिब किल्ला. रायगडचं नाव लावणाऱ्या आमच्या जिल्ह्यात किल्ल्यांना तोटा नाही, पण गाय चढवता येईल असा एकही नाही! तिथले लोक आणखी एक गोष्ट फार मोठी किंमत मोजून शिकले. १९९१ च्या वादळात लाखाहून जास्त लोक गेले, त्यात पुरुषांपेक्षा बायका कितीतरी अधिक. नवरा घरी नाही, त्याला न विचारता कसं निघायचं. निवाऱ्यात परक्या पुरुषांच्या गर्दीत कसं बसायचं. कडेवर मूल, अंगावर लांबलचक साडी. पुढे स्वयंसेवकांत बायका आल्या, निवाऱ्यात बायकांसाठी वेगळी जागा आली. पुकारा तोच, पण तो बाईच्या तोंडून आला की दारातली बाई उठते.

अमेरिकेसारख्या श्रीमंत देशालाही हे उशिराच कळलं. २००५ च्या कॅटरिनात न्यू ऑर्लिन्समध्ये कित्येकजण कुत्र्या-मांजरांना निवाऱ्यात घेत नाहीत म्हणून घरीच थांबले. पुढच्या वर्षी तिथल्या संसदेला पाळीव प्राण्यांचाही विचार करा असा कायदा करावा लागला. हे वाचलं तेव्हा मी आत्याला सांगितलं. ती म्हणाली, "मग मी काय वेगळं विचारलं होतं?" कॅटरिनानंतर महिन्याभरात रीटा आलं. या खेपेला भीती ताजी होती, त्यामुळे टेक्सासच्या किनाऱ्यावरून वीस लाखांहून अधिक लोक एकदम गाड्या काढून निघाले. माझा एक वर्गमित्र तेव्हा ह्यूस्टनला होता. ज्या रस्त्याला एरवी चार तास लागतात तिथे तो बायको आणि तान्ह्या मुलीसह वीस तास होता. पेट्रोल संपेल म्हणून भर उन्हात एसी बंद ठेवून. डॅलसजवळ वृद्धाश्रमातल्या लोकांना नेणारी एक बस पेटली, त्यात २३ जण गेले. त्या पळापळीत शंभराच्या वर माणसं मेली, प्रत्यक्ष वादळाने मेलेल्यांपेक्षा जास्त. घर सोडणं म्हणजे आपोआप सुरक्षित होणं, हा शहाण्यांचा भ्रम तिथे त्या महामार्गावर फुटला.

आणि ज्यांना घर सोडायचं की नाही हे ठरवण्याची मुभाच नव्हती, त्यांचं काय? मे २०२१ मध्ये तौक्ते आलं तेव्हा आम्ही किनाऱ्यावरची गावं रिकामी करत होतो, आणि मुंबईपासून दूर समुद्रात तेलविहिरींच्या कामावरच्या पी-३०५ या तराफ्यावर २६१ माणसं होती. इशारे काही दिवस आधीच आले होते. होड्या बंदराला लागल्या, तराफा लागला नाही. सत्तरहून अधिक माणसं बुडाली. किनाऱ्यावरच्या म्हाताऱ्याला 'तुम्ही का जात नाही' म्हणून बूम पुढे करणाऱ्या कुणी तो प्रश्न त्या तराफ्याच्या मालकांना आदल्या दिवशी विचारला नव्हता.

आत्याकडे परत येतो. ३ तारखेला सकाळी अकराच्या सुमारास शेजारची दोन पोरं आली आणि तिला जवळजवळ उचलून मागच्या आळीतल्या स्लॅबच्या घरात घेऊन गेली. निघताना तिने गाय सोडायचं ठरवलं. बांधलेलं गुरू गोठा पडला की जागीच मरतं, हे तिला कुणी सांगावं लागत नव्हतं. पण दावं काथ्याचं, पावसाने भिजून फुगलेलं, आणि गाठ तिच्या दिवंगत नवऱ्याच्या पद्धतीची, म्हणजे सुटू नये अशीच मारलेली. हात थरथरत होते. शेवटी एका पोराने कोयत्याने दावं तोडलं. दुपारी वादळ जमिनीवर चढलं. तीन तास त्या स्लॅबखाली सतरा माणसं बसून होती. आवाजाबद्दल विचारलं तर आत्या आजही बोलत नाही.

संध्याकाळी परतली तेव्हा कौलं नव्हती, वासे दिसत होते, कणगीत पाणी. वाडीतले माड आणि पोफळी एकमेकांवर पडून आडवं रान झालेलं. गाय त्यातल्याच एका मोकळ्या फटीत उभी होती, गळ्यात तुटकं दावं घेऊन.

मग सुरू झालं ते खरं प्रकरण: पंचनामा. श्रीवर्धनची रोठा सुपारी नावाजलेली. पण एक पोफळ फळाला यायला सहा-सात वर्षं लागतात, आणि माड लावतो तो बहुधा नातवासाठीच. सरकारने फळबागांची मदत हेक्टरी १८ हजारांवरून ५० हजारांवर नेली. ऐकायला भरघोस. आमच्याकडे हेक्टर आहे कुणाकडे? वाडी दहा गुंठ्यांची. म्हणजे हाती पाच हजार, आणि पडलेलं झाड कापून बाहेर काढायची मजुरीच त्याहून जास्त. बरीच ओरड झाल्यावर झाडामागे मदत ठरली: माडाला २५० रुपये, पोफळीला ५०. त्या वेळी मी याच जागी लिहिलं होतं, की पन्नास रुपयांत सुपारीचं झाड कुठे मिळतं ते कळवा. अजून कुणी कळवलेलं नाही. वीज यायला काही वाड्यांना महिने लागले. कौलं मिळेनात, पत्र्यांचे भाव चढले, आणि पंधरवड्यात मृग लागून पाऊस सुरू.

हे मी गाऱ्हाणं म्हणून सांगत नाही. पुढच्या वेळी पोलीस पाटील दारात येईल तेव्हा घरातली बाई मनात हाच जमाखर्च मांडणार आहे, म्हणून सांगतो. मागच्या वेळी आम्ही निघालो, तर मागे राहिलेल्याचं तुम्ही काय केलंत? मदतीचा दर वादळाच्या आधी ठरलेला असेल, वाडीतली झाडं मेमध्येच मोजून नोंदलेली असतील, ताडपत्री तालुक्याच्या गोदामात नाही तर गावात असेल, तर त्या बाईच्या हिशेबाची बेरीज बदलते. भोंग्याचा आवाज वाढवून ती बदलत नाही. कोकणातही निवारा केंद्रांची कामं हाती घेतली आहेत, चांगलं आहे. त्यांचे नकाशे करणाऱ्या साहेबांना माझा एकच बारका प्रश्न आहे: त्यात गोठा कुठे दाखवलाय?

परवा आत्याला फोन केला. आगोट झाली आहे, कौलांच्या जागी पत्रे आहेत आणि पत्र्यांवर वाळूच्या पिशव्या. त्या जूनमध्ये झालेलं वासरू आता दूध देतं. त्याचं नाव तिने वादळी ठेवलंय. "दावं नायलॉनचं आणलंय यंदा," ती म्हणाली. "आणि गाठ सरकती मारायला शिकले. शेजारच्या पोराने दाखवली. एका ओढीत सुटते, करून पाहिलं दोनदा."

"आणि तू?" मी विचारलं.

"आधी ती सुटू दे," आत्या म्हणाली, आणि दूध उतू जाईल म्हणून फोन ठेवला.