सडावरची पुळी, बोटावरची पुळी

प्रति,
मा. मुख्य कार्यकारी अधिकारी,
जिल्हा परिषद, जळगाव आणि जिल्हा परिषद, धुळे

महोदय,

४ ऑगस्ट २०२२ रोजी रावेर तालुक्यातल्या चिनावलमध्ये लम्पी या गुरांच्या त्वचारोगाचे जनावर सापडले आणि त्या साथीतली राज्यातली पहिली नोंद जळगाव जिल्ह्याच्या नावावर लागली. पोळा तीन आठवड्यांवर आला होता. शिंगे रंगवायच्या दिवसांत बैलांच्या अंगावर गाठी मोजायची वेळ शेतकऱ्यांवर आली. पुढे गुरांचे बाजार बंद झाले आणि चहाच्या टपरीवरही एकच चर्चा सुरू झाली: दूध प्यावे की नाही? लम्पी माणसाला होत नाही, दूध नेहमीसारखे उकळून प्या, हे सांगता सांगता पशुसंवर्धन विभागाचे कर्मचारी थकले.

ते खरेच सांगत होते. लम्पीचा विषाणू माणसाला बाधत नाही. १९२९ साली आफ्रिकेतल्या झांबियात हा रोग पहिल्यांदा नोंदवला गेला, भारतात तो २०१९ मध्ये ओडिशात दिसला. चावऱ्या माश्या, डास आणि गोचिडे त्याला एका गोठ्यातून दुसऱ्या गोठ्यात नेतात. म्हणजे जो रोग माणसाला होतच नाही, त्याची धास्ती खानदेशाने पुरेपूर घेतली. जो खरोखर होतो, त्याचे नाव मात्र फारसे कुणाच्या तोंडी नाही.

तो म्हणजे म्हशीची देवी. त्याचा पुरावा शोधायला लांब जायला नको, तो धुळ्याचाच आहे. धुळे जिल्ह्यात जनावरे आणि माणसे या दोघांनाही झालेल्या या रोगाच्या साथीची तपासणी झाली आणि तिचे निष्कर्ष १९७७ साली वैद्यकीय नियतकालिकात छापून आले. एका लेखात प्रयोगशाळेतला अभ्यास, दुसऱ्यात साथीचा माग. काळही पाहा. देशातला माणसाच्या देवीचा शेवटचा रुग्ण १९७५ चा. त्यानंतर देवीचा रुग्ण कळवणाऱ्याला सरकार १,००० रुपये बक्षीस द्यायला तयार होते. अंगावरची साधी पुळीसुद्धा तेव्हा सरकारदरबारी वजनदार होती. आज तीच पुळी मेडिकल दुकानाच्या काउंटरवर दाखवली जाते.

हा रोग दिसतो कसा, ते धार काढणाऱ्याला ठाऊक असते. म्हशीच्या सडावर आणि कासेवर फोड येतात, ते फुटून खपल्या धरतात, म्हैस सडाला हात लावू देत नाही. दूध घटते, कधी कासदाह होऊन सड कायमचा निकामी होतो. मग धार काढणाऱ्याच्या बोटांवर, मनगटावर, कधी कपाळावर तसाच फोड उठतो, ताप येतो, काखेत गाठ येते. हा विषाणू देवीच्या लशीत वापरल्या जाणाऱ्या विषाणूचा सख्खा भाऊबंद आहे. म्हणूनच दंडावर देवीच्या लशीचा वण असलेल्या जुन्या पिढीला थोडेफार संरक्षण होते. १९७० च्या दशकाअखेर ते टोचणे थांबले. आज गोठ्यात धार काढणारे बहुतेक हात त्यानंतर जन्मलेल्यांचे आहेत. २००९ मध्ये सोलापूर आणि कोल्हापूर जिल्ह्यांत माणसे आणि म्हशी एकाच वेळी फोडांनी आजारी पडल्या, तेव्हा पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेने तपास केला आणि हाच विषाणू निघाला.

निदान डोळ्यांनी होत नाही, हीच मोठी अडचण. दुसऱ्याच एका विषाणूमुळे सडावर आणि बोटावर येणारी गाठ जवळजवळ अशीच दिसते. खपली किंवा फोडातला द्रव घेऊन पीसीआर केल्याशिवाय खात्री होत नाही. उपचार मात्र साधे आहेत: पोटॅशियम परमँगनेटच्या सौम्य पाण्याने सड धुणे, जंतुनाशक मलम, जखम चिघळली तर प्रतिजैविक, आणि आजारी म्हशीची धार सर्वांत शेवटी काढून हात साबणाने धुणे. माणसाचे फोडही बहुधा काही आठवड्यांत आपोआप बरे होतात. मग चिंता कसली, असे एखादा अधिकारी विचारील. चिंता मधल्या काळात काय चोळले जाते, याची आहे.

कारण दुकानात मिळते ते ‘सगळ्यावर चालणारे’ मलम: थोडे बुरशीनाशक, थोडे प्रतिजैविक आणि जोरदार स्टिरॉइड. २०१८ मध्ये केंद्राने अशी बरीच स्टिरॉइड मलमे चिठ्ठीशिवाय विकू नयेत असा नियम केला. नियम झाला, सवय राहिली. गोठ्यातून येणाऱ्या दुसऱ्या त्वचारोगावर, गजकर्णावर, हेच मलम चोळले की खाज दोन दिवसांत थांबते, बुरशी मात्र आत पसरत जाते आणि कडा पुसट झाल्याने पुढे डॉक्टरही चकतात. हे गजकर्ण कधी वासराच्या डोळ्याभोवतीच्या पांढुरक्या चट्ट्यातून घरातल्या पोराच्या गालावर आलेले असते. त्वचेचा खरवडा पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या थेंबात ठेवला तर सूक्ष्मदर्शकाखाली बुरशीचे तंतू थोड्या वेळात दिसतात. हिवतापासाठी प्राथमिक आरोग्य केंद्रात सूक्ष्मदर्शक असतोच.

लम्पीच्या वेळी यंत्रणा हलली, हे नाकारायचे कारण नाही. शेळ्यांच्या देवीची लस गाई-बैलांना टोचून राज्याने मोठे लसीकरण केले. मेलेल्या गाईमागे ३०,००० रुपये, बैलामागे २५,००० आणि वासरामागे १६,००० रुपये मदत ठरली. हे सारे एका विभागाचे काम होते, म्हणून झाले. म्हशीच्या देवीला दोन विभाग लागतात. सडाची पुळी पशुसंवर्धनाची, बोटाची पुळी आरोग्याची. दोन्ही विभाग आपल्याच इमारतीत, पण एकाचे रजिस्टर दुसरा उघडत नाही.

नवा कक्ष, नवी समिती कुणी मागत नाही. कुष्ठरोगाचे चट्टे शोधायला आशाताई घरोघर जातात. त्यांच्या फॉर्मवर एक ओळ वाढवावी: घरात धार काढणाऱ्याच्या हातावर फोड आहेत का, आणि गोठ्यातल्या जनावराच्या सडावर? लाळ-खुरकुताची लस टोचायला वर्षातून दोनदा त्याच अंगणात येणाऱ्या पशुधन पर्यवेक्षकानेही हाच प्रश्न उलट्या क्रमाने विचारावा. उत्तर ‘हो’ आले, तर वैद्यकीय अधिकारी आणि पशुवैद्यक यांनी एकाच दिवशी त्या गोठ्यात जावे. माणसाची आणि म्हशीची खपली वेगवेगळ्या कुप्यांत, पण एकाच क्रमांकाने जावी. एक पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेकडे, दुसरी औंधच्या रोग अन्वेषण विभागाकडे. अहवाल आले की दोघांच्या टेबलावर दोन्ही प्रती असाव्यात.

सुरुवात सावदा आणि वरखेडी इथल्या गुरांच्या बाजारांच्या आसपासच्या गावांतून करता येईल, कारण रोगी जनावर विकून मोकळे होण्याचा मोह तिथेच फळतो. पावसाळ्यापूर्वीच्या साथरोग बैठकीच्या विषयपत्रिकेवर हा विषय घ्यावा, ही विनंती.

आपला,
खानदेशातील एक दूध-उत्पादक

प्रत माहितीसाठी:
अधिष्ठाता, शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, जळगाव
अधिष्ठाता, श्री भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, धुळे