एका सामन्याचे सर



परवा पालकसभेत एक बाबा उठून म्हणाले, "सर, औंदा झिलाक खेळाक धाडू नकात. दहावीचा वर्ष आसा." मग हळूच पुढे, "आणि आपले खेळाचे सर तरी खंय मोठे खेळलेत?"

सगळे हसले. आमचे क्रीडाशिक्षकही हसले, पण मान खाली घालून. मला ते लागलं. म्हणून हा लेख.

आपल्याच मालवणात 1932 साली जन्मलेल्या रमाकांत आचरेकर सरांचं उदाहरण घ्या. ते प्रथम श्रेणीचा सामना किती खेळले? फक्त एक! 1963-64 च्या हंगामात, स्टेट बँकेच्या संघाकडून. त्या बाबांच्या मापाने मोजलं तर सर नापासच. पण दादरच्या शारदाश्रम शाळेत आणि शिवाजी पार्कवर त्यांच्या हाताखालून सचिन तेंडुलकर, विनोद कांबळी, प्रवीण आमरे, चंद्रकांत पंडित असे खेळाडू घडले. 1990 साली त्यांना द्रोणाचार्य पुरस्कार मिळाला, 2010 मध्ये पद्मश्री.

हे जमलं कसं? सचिन पहिल्या चाचणीत बुजला, तेव्हा भाऊ अजितने विनंती केली, "सर, जरा लांबून बघा." सरांनी ऐकलं आणि लांबून बघितलं. शिवाय मुलाला जास्तीत जास्त सामने खेळायला मिळावेत म्हणून ते त्याला स्कूटरवर बसवून या मैदानावरून त्या मैदानावर न्यायचे. सरावात स्टंपवर एक रुपयाचं नाणं ठेवायचे. जो बाद करेल त्याचं नाणं, नाबाद राहिला तर सचिनचं. यात महागडं साधन कुठलं? लागला तो वेळ आणि नजर.

सरांचं सगळंच उचलावं असं मात्र मी म्हणणार नाही. सामना चुकवला म्हणून त्यांनी सचिनला थप्पड मारली होती. आज शिक्षण हक्क कायद्याने मारायला बंदी आहे, आणि ती योग्यच आहे. 'छान खेळलास' हे शब्दही ते सहसा तोंडातून काढत नसत. आपल्या मुलांना ते शब्द हवेत.

तुम्ही म्हणाल, सगळेच थोडे सचिन होतात? बरोबर. म्हणून अमोल मुजुमदार आठवा. 1988 साली हॅरिस शील्डमध्ये सचिन-कांबळी यांनी 664 धावांची नाबाद भागीदारी केली, तेव्हा पुढचा फलंदाज म्हणून तो पॅड बांधून नुसता बसून होता. पुढे प्रथम श्रेणीत 11 हजारांहून जास्त धावा केल्या, तरी भारताकडून खेळायची संधी कधीच मिळाली नाही. पण नोव्हेंबर 2025 मध्ये आपल्या मुलींनी विश्वचषक जिंकला, तेव्हा त्यांचा प्रशिक्षक तोच होता.

म्हणजे एक सामना खेळलेल्या सरांचा विद्यार्थी, भारताकडून एकही न खेळलेला, जगज्जेता संघ घडवतो. आता सांगा, शिक्षकाला त्याच्या स्वतःच्या धावांनी मोजायचं?

शिक्षकांनो, परीक्षा जवळ आली की खेळाचा तास गणिताला देतो ना आपण? मीही दिलाय. यंदा देणार नाही. पालकांनो, दहावी असली तरी पोराला संध्याकाळी तासभर मैदानावर सोडा.

आणि खेळाच्या सरांना भेटलात, तर "कुठपर्यंत खेळलात?" असं विचारू नका. "माझं मूल कसं खेळतं?" असं विचारा.