कुलपाची किल्ली

खाडीकाठच्या आमच्या गावात मोहल्ल्यापासून जुन्या बंदराकडे एक रस्ता उतरतो. रस्ता म्हणावे असे आता त्यात फारसे उरलेले नाही. दोन्ही बाजूंना जांभ्या दगडाचे गडगे, मध्ये एक बैलगाडी जाईल एवढी वाट आणि पावसाळ्यात गुडघाभर गवत. खाडीतून होड्या चालत तेव्हा हाच गावाचा मोठा रस्ता होता. पुढे डांबरी सडक झाली, एसटी आली, बंदर ओस पडले. आता या वाटेवर माणसे दिसतात ती आंबा उतरवायच्या दिवसांत, शब-ए-बरातला आणि कोणाची मय्यत झाली तर. कारण बंदराच्या जरा अलीकडे, याच वाटेवर आमचे कब्रस्तान आहे.

गेल्या पावसाळ्यात आमच्या फुफीचा इंतकाल झाला. असरची नमाज झाली, जनाजा उचलला आणि वळणावर आलो तर समोर लोखंडी गेट. साखळी आणि कुलूप. गेट लागल्याचे मोहल्ल्यात काहींना माहीत होते. पण सहा महिन्यांत त्या बाजूला मय्यत गेली नव्हती, त्यामुळे कोणी मनावर घेतले नव्हते. बागेचा राखणदार बाजारात गेलेला. एक मुलगा मोटारसायकलवरून त्याला शोधायला धावला. वरून पाऊस. खांदे बदलत लोक उभे. शेवटी एका ओट्याएवढ्या दगडावर ताडपत्री धरून जनाजा ठेवला. दफनाला उशीर करू नये हे आपल्याकडे लहान मुलालाही ठाऊक असते. किल्ली येईपर्यंत पाऊण तास गेला.

त्या पाऊण तासात जे बोलले गेले ते येथे लिहिण्यासारखे नाही. पुढच्या जुम्याला नमाजनंतर आठ-दहा तरुण साखळी तोडायला निघालेही होते. त्यांना जमातीच्या वडीलधाऱ्यांनी थांबवले. "आधी कागद बघा. गेट तोडायला किती वेळ लागतो?" असे ते म्हणाले, आणि कागद बघायचे काम आमच्या गळ्यात पडले. 'तुम्ही मासिकात लिहिता ना' हे त्याचे कारण!

गेट लावणारे गृहस्थ परके नाहीत. आपल्यातलेच, शेजारच्या तालुक्यातले, मुंबईत धंदा करून दोन पैसे गाठीला बांधलेले. रस्त्याच्या दोन्ही बाजूंची जमीन त्यांनी आमच्याच मोहल्ल्यातल्या लोकांकडून घेतली. आम्ही भेटायला गेलो तेव्हा त्यांनी चहा पाजला, फुफीसाठी मगफिरतची दुआ केली आणि झाल्या प्रकाराबद्दल मनापासून माफीही मागितली. पण गेट काढायला ते तयार नव्हते. दोन वर्षे त्यांचे काजू रात्री चोरीला जात होते. बंदरावर बाहेरची पोरे दारू प्यायला येतात, बाटल्या बागेत फोडतात. या दोन्ही तक्रारी खऱ्या आहेत, आम्ही स्वतः काचा पाहिल्या. आणि त्यांच्याजवळ ग्रामपंचायतीचे एक पत्र होते: 'सदर रस्ता सध्या वापरात नाही.'

सगळा घोळ त्या एका ओळीत आहे, म्हणून तिच्यावर थोडे अधिक लिहितो.

रस्ता वापरात नाही हे एक विधान झाले, आणि रस्ता कोणाचा हा वेगळा प्रश्न. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम २० प्रमाणे सार्वजनिक रस्ते, गल्ल्या, वाटा या दुसऱ्या कोणाच्या मालकीच्या असल्याचे सिद्ध होत नाही तोवर शासनाच्या आहेत. दोन्ही बाजूंची जमीन एकाच माणसाने घेतली म्हणून मधला रस्ता त्याच्या खरेदीखतात येत नाही. आणि सार्वजनिक रस्ता लोक चालले नाहीत म्हणून खासगी होत नाही. एकाच्या शेतातून दुसऱ्याला असलेली खासगी वहिवाट मात्र वेगळी. १८८२ च्या सुविधाधिकार कायद्याप्रमाणे वीस वर्षांच्या वापराने ती मिळते आणि सलग वीस वर्षे अजिबात वापरली नाही तर संपते. गावोगाव या दोन गोष्टींची सरमिसळ होते. 'वीस वर्षे कोणी गेले नाही, मग रस्ता गेला' असे छातीठोकपणे सांगणारे प्रत्येक नाक्यावर भेटतात.

आता नोंद कुठे बघायची? पहिला कागद गाव नकाशा. तो तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयात मिळतो. त्यावर गाडीरस्ता दुहेरी तुटक रेषेने आणि पायवाट एकेरी तुटक रेषेने दाखवलेली असते. दुसरा, ग्रामपंचायतीचा नमुना २३, म्हणजे पंचायतीच्या ताब्यातील रस्त्यांची नोंदवही. तिसरा सातबारा. त्यातल्या 'इतर हक्क' या रकान्यात वहिवाटीची नोंद असू शकते, आणि 'पोटखराबा वर्ग ब' असे लिहिलेले क्षेत्र असेल तर जरूर थांबून विचारावे. रस्ता, ओढा, तळे, दफनभूमी अशा दुसऱ्यांच्या वापरातल्या जागेवर आकार बसवत नाहीत, ती या वर्गात धरतात. चौथ्या कागदाचे नाव आपल्या कानाला ओळखीचे वाटेल: वाजिब-उल-अर्ज. महसूल संहितेच्या कलम १६५ मध्ये हे नाव जसेच्या तसे आहे. खासगी जमिनीतून जाण्यायेण्याचे, पाण्याचे, मासेमारीचे जे रिवाज गावात चालत आले, त्यांची नोंद करण्याची ही तरतूद. जमीन विकताना आपली माणसे भाव विचारतात, टोकन विचारतात, हे चार कागद कोणी विचारत नाही. आमच्या कब्रस्तानच्या कागदांत त्याचे क्षेत्र गुंठ्यांसकट नोंदलेले आहे. तिथवर जायचे कुठून, याबद्दल एक अक्षर नाही.

अडवलेला रस्ता शेताकडे जाणारा असेल तर १९०६ चा मामलेदार न्यायालय कायदा अजून चालू आहे. कलम ५ खाली तहसीलदाराकडे दावा लावता येतो. पण अडथळा आल्यापासून सहा महिन्यांच्या आत. बांधावरून नवीन वाट हवी असेल तर महसूल संहितेचे कलम १४३. गावातल्या सार्वजनिक रस्त्यावरचा अडथळा काढण्याचा अधिकार ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम ५३ खाली पंचायतीला आहे. जमातीतल्या तरुणांना आम्ही हेच सांगितले की साखळी तोडली असती तर फिर्याद तुमच्यावर झाली असती, आणि मूळ प्रश्न बाजूला राहिला असता.

नकाशाची नक्कल मिळाली. आमचा रस्ता त्यावर होता, दुहेरी तुटक रेषेत, मोहल्ल्यापासून थेट पाण्यापर्यंत. मशिदीच्या ओट्यावर नकाशा पसरला तेव्हा मुलांच्या चेहऱ्यावर विजयाचा आनंद होता.

आम्ही मात्र दुसऱ्याच रेषेकडे पाहत होतो. एकेरी, तुटक. डोंगरावरच्या वाडीतून निघून ती खाली उतरत होती, आणि खाडीला मिळण्याआधी आमच्या बागेतून जात होती. आमच्या म्हणजे आमच्या घरच्या.

ही पायवाट आम्हाला आठवते. वरच्या वाडीतल्या बायका तिने उतरत. डोक्यावर कधी लाकडाची मोळी, कधी टोपलीत काकडी-पडवळ. जाताना खाडीवरून मासळी, कालवे. आमच्या पडवीत टेकून पाणी पीत. अम्मी त्यांतल्या कित्येकींना नावाने ओळखायची. बागेच्या तोंडाशी तेव्हा बेडे होते. नव्या वाचकांसाठी सांगायचे तर दोन खांबांच्या भोकांतून आडवे वासे सरकवायचे, ते झाले बेडे. गुरे अडतात, माणूस वासा सरकवून जातो आणि मागे पुन्हा लावतो. त्याला कुलूप लावता येत नाही, ही त्याची खुबी. सव्वीस वर्षांपूर्वी बागेत नवी कलमे लावली तेव्हा अब्बा आणि चाचांनी बेडे काढले आणि तेथे गडगा घातला. त्या वेळी घरात काय बोलणे झाले तेही आठवते. "आता कोण जातं त्या वाटेनं? चार बायका. त्यांना सडकेनं जाता येतं की."

सडकेने जायचे तर वळसा दीड मैलाचा आहे. वरची वाडी हिंदू कुणब्यांची. भांडण झाले नाही, अर्ज आला नाही. बायका यायच्या बंद झाल्या, एवढेच. रस्ता बंद झाल्याचे सगळ्यांत आधी कळते ते डोक्यावर ओझे घेऊन चालणारीला, आणि ग्रामसभेत तिला कोणी विचारत नाही.

आम्ही ही गोष्ट घरी काढली तेव्हा चाचा भडकले. त्यांचे म्हणणे कच्चे नाही. ती वाट वाडीच्या चार घरांची वहिवाट होती, गावाचा रस्ता नव्हता. सव्वीस वर्षे कोणी गेलेले नाही. कायद्याने आपण मोकळे आहोत. "तू नकाशा काढलास कब्रस्तानसाठी, आणि घर खणायला बसलास?" असे त्यांनी विचारले. वकिलांना दाखवले. एक म्हणाले, नकाशावर रेषा आहे म्हणजे सार्वजनिक धरली जाईल. दुसरे म्हणाले, चाचांचे खरे आहे, दावा लागलाच तर तुम्ही जिंकाल.

मग आम्ही मौलाना साहेबांकडे गेलो. त्यांनी ती सर्वांना माहीत असलेली हदीस सांगितली नाही, ईमानच्या शाखांपैकी सर्वांत लहान शाखा म्हणजे वाटेतला त्रासदायक अडथळा दूर करणे, ही. ती आम्हीच मनात धरून गेलो होतो. त्यांनी बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत असलेली दुसरी काढली: रस्त्याच्या रुंदीवरून वाद झाला तर प्रेषित मुहम्मद (स.) यांनी सात हात जागा सोडण्याचा निर्णय दिला. सात हात म्हणजे साधारण दहा फूट. खांदे देणारे दोन्ही बाजूंनी चालतील एवढी. मग ते मजल्लाकडे वळले. उस्मानी राज्यात १८६९ ते १८७६ या काळात हनफी फिकहच्या आधारे हा दिवाणी कायदा कलमवार रचला गेला. आम्ही कोकणी शाफई, पण मौलानांचे वाचन त्या भिंती मानत नाही. त्यात सार्वजनिक रस्ता, नदी, कुरण यांच्याबाबतच्या दाव्याला मुदतीची आडकाठी ठेवलेली नाही, कितीही वर्षे गेली तरी. आणखी एक कलम त्यांनी सांगितले ते आम्हाला फारच विचारात पाडणारे वाटले. ज्या खासगी बोळात काही घरांचीच वहिवाट आहे, त्याचे तोंडसुद्धा त्या घरांनी एकमताने बंद करायचे नाही. का? मोठ्या रस्त्यावर गर्दी दाटली तर येणाऱ्याजाणाऱ्याला त्या बोळात शिरायचा हक्क आहे. एरवी वर्षभर तेथे कोणी परका फिरकत नसेल. तरी त्या एका वेळेसाठी तोंड उघडे ठेवायचे.

मय्यतीचा रस्ता असाच असतो. वर्षातून चार वेळा लागतो, आणि त्या चार वेळी तोच लागतो.

बंदराच्या रस्त्याचे पुढे काय झाले ते सांगतो. नकाशा आणि नमुना २३ ची नक्कल घेऊन आम्ही पाच जण त्या गृहस्थांकडे पुन्हा गेलो. अर्ज तयार होता, पण तो खिशातच ठेवला. चोरीचा त्यांचा प्रश्न आम्ही आधी काढला. मोहल्ल्यातल्या मुलांनी रात्री बंदराकडे फेरी मारायची आणि पंचायतीने वळणावर दिवा लावायचा, असे ठरवले. फेरी सुरू आहे. दिवा अजून लागलेला नाही. त्यांनी कुलूप आणि साखळी काढली. गुरांसाठी गेट राहील, त्याला नुसती कडी. पंचायतीने 'वापरात नाही' हे पत्र मागे घेऊन रस्त्याची नोंद कायम असल्याचे लेखी दिले, तो कागद जमातीच्या कपाटात आहे. गेट राहू द्यायला नको होते, असे काही जण अजून म्हणतात. उद्या त्यांचा मुलगा बाग विकेल, नवा मालक पुन्हा कुलूप आणेल, ही भीती खोटी नाही. म्हणून दर महिन्याला कोणीतरी ते गेट उघडून बंदरापर्यंत जाऊन यायचे ठरले आहे. मागल्या महिन्यात आमची पाळी होती. गवत फार वाढले आहे.

घरचे प्रकरण इतके सरळ सुटले नाही. आमच्या बागेच्या सातबाऱ्यावर अकरा नावे आहेत. त्यांतली चार दुबई-कुवेतमध्ये, तीन मुंब्र्यात. आठ जणांनी फोनवर होकार दिला, दोघांनी 'तुम्ही बघा' म्हटले. अकरावे चाचा. आम्ही आणि धाकट्या भावाने बकरी ईदनंतरच्या रविवारी गडग्याचे चार फूट चिरे काढून बाजूला रचले. चाचा त्या दिवशी घराबाहेर आले नाहीत.

वरच्या वाडीला जाऊन आम्ही सांगून आलो. ज्या बायका त्या वाटेने उतरत, त्यांतल्या दोघीच राहिल्या आहेत. एकीला गुडघ्यांमुळे चालवत नाही. दुसरी आली, सुनेला बरोबर घेऊन, वाट दाखवायला. पडवीत बसली, पाणी मागितले आणि अम्मी कुठे म्हणून विचारले. अम्मीला जाऊन नऊ वर्षे झाली, हे तिला कळलेच नव्हते.

आता सून आठवड्यातून एकदा-दोनदा उतरते. तिच्या मागून एक वासरूही आले आणि त्याने दोन कलमांचे शेंडे खाल्ले. ते चाचांनीच पाहिले. त्यानंतर त्यांनी आमच्याशी पहिला शब्द काढला तो हा: "बेडं तरी लावा." वासे आणले आहेत. खांबांना भोके पाडणारा सुतार मात्र गावात आता कोणी नाही, त्यासाठी तालुक्याला जावे लागेल.